रिसोडला वेळेवर पोचलो त्याची गोष्ट

फलटणजवळच्या आमच्या गावातून साखरेची पोती भरून निघालो, तेव्हा बायकोनं ट्रकच्या दारात उभं राहून शेवटची तंबी दिली. "शनिवारी सकाळी वास्तुशांत आहे. सकाळी म्हणजे सकाळी, दुपारी चहाच्या वेळेला नाही. बायको नसली तर पुरुष कंबरेला सुपारी खोचून पूजेला बसतात. तुम्ही नसलात तर मी खोचीन." आमच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडायला बरीच वर्षं गेली होती, आणि तेवढ्या वर्षांत मी घरातल्या एकाही कार्याला धड वेळेवर पोचलो नव्हतो. भावाच्या लग्नात तर मी थेट उष्ट्या पत्रावळी उचलायलाच गेलो होतो. त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नगर, जालना, मेहकर असं करत शुक्रवारी सकाळी मी मालेगावला लागलो. हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव. आमच्याकडे मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडचंच धरतात आणि "तिकडं साखर कशाला?" असं विचारतात. मेहकर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुललेली होती. काळी जमीन, त्यावर पिवळा फुलोरा आणि मागे बुटके डोंगर. आमच्याकडच्या उसाच्या भिंतीतून गाडी हाकणाऱ्याला इतकं लांबवर दिसलं की उगाच गाणं सुचतं. मी गायलोही. केबिनमध्ये एकटाच असल्यामुळे कोणाची तक्रार आली नाही.

साखर एका दुकानदाराच्या गोदामात उतरली. आता रिसोडला जाऊन सोयाबीन भरायचं आणि घरी परतायचं. आमच्या भागातल्या कोंबडीखाद्याच्या कारखान्याला तो माल सोमवारी सकाळी हवा होता. म्हणजे शुक्रवारी गाडी भरली तर वास्तुशांतही होणार आणि मालही पोचणार. शनिवारी भरली तर माल पोचेल, पण पूजेला सुपारीच बसेल.

गाडी कधी भरायची, हे माझ्या हातात नव्हतं. ते प्रज्ञाताईंच्या हातात होतं. कुठली गाडी कुठल्या गोदामाला, कधी लावायची हे ठरवणारं माणूस आम्हा ड्रायव्हरांसाठी घरच्या माणसाइतकंच महत्त्वाचं असतं, फक्त त्याच्याशी भांडण जास्त होतं. रिसोडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात हे काम प्रज्ञाताई करतात. आमच्या भागातून वाशीम-अकोल्याकडे येणाऱ्या सगळ्या गाड्यांना त्याच फोनवरून हाकतात. वर्षभर माझा त्यांचा संबंध फोनवरचा, आणि तोही खोटं बोलण्याचा. मी दात घासत असलो तरी "ताई, गाडी निघाली" असं सांगायचो. त्या "माल तयार हाय, भाऊ, तुमचीच वाट पाहून राह्यलो" असं म्हणायच्या, आणि मी गेल्यावर कळायचं की शेतकरी अजून विकावं की थांबावं याचा विचार करतोय. ही देवाणघेवाण दोन्हीकडून इतकी नियमित होती की तिला प्रामाणिकच म्हणायला हवं. एरवी माझी गाडी वाशीम-अकोल्याच्या गोदामांना लागायची; रिसोडला जायची मात्र माझी ही पहिलीच वेळ.

दोन दिवसांपूर्वी मी त्यांना वास्तुशांतीचं सांगितलं होतं.  त्या म्हणाल्या, "शुक्रवारी तुमचा नंबर पुढं घेते. एका नांदेडच्या गाडीवाल्याचा रोष येईन माह्यावर. पण वेळेवर येजा." मी त्या वेळी मनात ठरवलं की आज काही झालं तरी खरं बोलायचं.

मालेगावहून शिरपूरमार्गे रिसोडला निघालो. शिरपूर सोडलं आणि फोन वाजला.

"कुठी आहात, भाऊ?"

"शिरपूर सोडलं, ताई. अर्ध्या तासात गोदामावर येतो."

"बरं बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या "बरं बरं"मध्ये मला थोडी करुणा जाणवली. पण मी खरं बोललो होतो, त्यामुळे छाती जरा फुगली होती.

आणि खरोखर अर्ध्या तासात मी गोदामासमोर गाडी लावली. गोदामाला कुलूप होतं. ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं. बाजूला नांदेडची गाडी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर माझ्याकडे बघत दाढी खाजवत होता. हमाल एकही नाही. मी हॉर्न वाजवला, तेव्हा पलीकडच्या ऑफिसातून चष्मा लावलेली, हातात जेवणाचा डबा घेतलेली एक बाई बाहेर आली. माझ्याकडे तिनं असं पाहिलं, जणू मी भिंतीतून बाहेर आलोय.

"तुमी? इतक्यात?" आवाजावरून ओळखलं. प्रज्ञाताईच.

"अर्ध्या तासात येतो म्हणालो होतो की."

"थे तर तुमी म्हणता! कोणी खरं समजते का?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अर्धा तास म्हणजे तीन तास. आता म्या हमालांना जेवायले सोडलं ना!"

तेव्हा मला त्यांच्या कामाची रीत कळली. प्रत्येक ड्रायव्हरच्या बोलण्यावर त्या ठरावीक भर घालतात. नांदेडवाल्याला एक तास, लातूरच्या एका सरदारजीला काहीच नाही, आणि मला अडीच तास. "तुमच्यावर सगळ्यांत जास्त हाय," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, हिशेब होता. वर्षभर हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. आज चुकला, कारण मी आज सुधारलो होतो.

"बोलवा की परत हमालांना," मी म्हणालो.

"ते काही डबा खायले नाही गेले, भाऊ. रोडग्याले गेले."

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. नवस फेडायला किंवा काही चांगलं घडल्याबद्दल वऱ्हाडात रोडग्यांचं जेवण घालतात. गावाबाहेर भाजीचा मळा करणारे किसनराव म्हणून एक होते, त्यांच्या बोअरला पाणी लागलं म्हणून हे जेवण होतं. किसनराव हमालांच्या मुकादमाचे मेहुणे, म्हणजे अख्खी टोळी तिथे. फोन लावला तर कोणी उचलेना. प्रज्ञाताईंनी डबा खिडकीत ठेवला, स्कूटी काढली आणि म्हणाल्या, "बसा मागं."

गाडी चालवणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या मागे बसणं ही शिक्षाच असते. प्रत्येक खड्ड्याला माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "काहून भेता?" त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासारखी उशिरानं ब्रेक दाबत नाई."

मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि कडेनं झेंडू होता. निंबाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. रोडगे अजून राखेतच होते. वांग्याच्या भाजीचा वास मात्र पुढे येऊन उभा होता. मुकादम शेषराव, भरघोस मिशांचा माणूस, आम्हाला पाहून उठला.

"अरे ताई! या, या. हा कोण?"

"फलटणवाले भाऊ. गाडी आली."

"इतक्यात?" शेषरावांनाही माझी भर पाठ होती, हे पाहून मला वाईट वाटलं.

रोडगे भाजल्याशिवाय कोणी उठणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. जेवायला बोलावलेला माणूस न जेवता उठला तर घरच्यांनी काय समजायचं? मलाही पंगतीत बसवलं. किसनरावांच्या आईनं राख झटकून रोडगा माझ्या पानात टाकला आणि तो कुस्करून तूप, वरण घालून खायचा असं सांगितलं. मी घाई केली. बोटं भाजली. मग गार होण्यासाठी फुंकर मारली तर राख शेजारच्याच्या वरणात गेली. तो हसून म्हणाला, "काई फिकर नाई, मसाला समजू." तिखट वांग्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, पण सांगतो, इतकं चविष्ट जेवण मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो. दुसरा रोडगा मी मागून घेतला. वास्तुशांत डोक्यावर असताना तो घ्यायला नको होता.

खरी अडचण जेवणानंतर आली. तुपावर पोट भरलेली टोळी निंबाखाली आडवी झाली. शेषराव म्हणाले, "ताई, आता एक झोप. गाडी उद्या सकाळी भरू. माल सोमवारीच पायजे नं?"

 प्रज्ञाताई उभ्या राहिल्या. "याच्या घरी उद्या सकाळी वास्तुशांत हाय. हा आता निघाला तरच पोचते."

एका हमालानं डोळे न उघडता विचारलं, "ड्रायव्हर खरं बोलून राह्यला कशावरून? मागं एकानं बाप वारला म्हणून नंबर पुढं घेतला होता. बाप चहा पेत बसला होता मेहकरले."

सगळे हसले.  माझ्या शब्दाला तिथे काही किंमत नव्हती आणि ती मीच घालवली होती. प्रज्ञाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज तो वेळेवर आला. दुसरा पुरावा नाई माह्यापाशी. पण मी नांदेडवाल्याचा नंबर मागं टाकला, आता मी खोटी पडीन का?"

 मग किसनरावांची आई उठली आणि शेषरावांना म्हणाली, "नव्या घराची पूजा हाय आणि तू लोळून कायले राह्यला? उठ!" सासूचा शब्द. शेषराव उठले, मिशीवरची राख पुसली, आणि त्यांच्यामागे सगळी टोळी कण्हत, कुरकुरत, ढेकर देत उठली.

त्यानंतर पोती जी चढली ती बघण्यासारखी होती. काट्यावर वजन झालं, ताडपत्री बांधली. नांदेडवाल्यानं दोरी ओढायला मदत केली आणि "घरी पोचून पेढे पाठव," असंही सुनावलं. ऊन उतरायच्या आत मी निघायला तयार होतो.

प्रज्ञाताई केबिनपाशी आल्या. "भाऊ, एक सांगू? उशीर होत असन तर उशीर होते म्हणा. चहाले थांबले तर चहाले थांबलो म्हणा. मी शिव्या देईन, पण हमाल बरोबर ठेवीन."

"आणि तुम्ही माल तयार नसताना तयार आहे म्हणू नका."

त्या हसल्या. "तेवढं लय मागून राह्यले." मग गंभीरपणे, "बरं. प्रयत्न करीन."

वाटेत मी त्यांना मेहकरवरून फोन केला. "ताई, चहाला थांबलोय." खरं बोलताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "थांबा नं. झोप आली तर झोपा बी. बायको विधवेपेक्षा चिडलेली बरी." तेवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मी दोन चहा प्यायलो.

शनिवारी ऊन कोवळं होतं तेव्हा मी गावात शिरलो. मांडव दिसेल, भटजींची मोटारसायकल दिसेल, स्पीकर ऐकू येईल अशा तयारीनं मी वळण घेतलं. मांडव नव्हता. स्पीकर नव्हता. नव्या घराच्या पायरीवर बायको निवांत बसून आंब्याची पानं निवडत होती. मला बघून ती इतकी दचकली की पानं मांडीवरून सांडली.

"तुम्ही? आज?"

"आज वास्तुशांत नाही का?"

तिनं पानं गोळा करायला सुरुवात केली. वर न बघता म्हणाली, "उद्या आहे. रविवारी. तुम्हाला खरा दिवस सांगितला असता तर तुम्ही सोमवारी उगवला असता."

मला राग यायला हवा होता. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, की दोन-दोन बायका मला वेळेवर आणायला इतका विचार करत होत्या. त्यांनी माझ्या सवयीसाठी जागा करून ठेवली होती आणि मी तीत वर्षानुवर्षं आरामात पसरलो होतो. इतकी वर्षं मी रस्ते पाठ केले, ढाबे पाठ केले, आणि ज्या माणसांच्या भरवशावर गाडी चालते त्यांच्याकडे मात्र फोनवर जांभई देऊन बोलत राहिलो.

एवढ्यात फोन वाजला. प्रज्ञाताई. "पोचले? पूजा झाली?"

"झाली" हा शब्द जिभेवर तयारच होता. पण मी सांगितलं. "पूजा उद्या आहे, ताई. बायकोनं मला एक दिवस आधीचा वार सांगितला होता."

 हमालांपुढची आर्जवं, नांदेडवाल्याचा रोष, हे सगळं त्यांनी उगाचच ओढवून घेतलं होतं, हे मला आत्ता उमगलं. मग एकदम हसण्याचा आवाज आला, थांबता थांबेना. "वहिनीले फोन द्या," त्या म्हणाल्या.

फोन दिला. आधी ओळख, मग हसणं, मग रोडगे कसे करतात, मग माझा विषय. मी पायरीवर बसून बूट काढले, पाय धुतले, तरी दोघींचं संपलं नव्हतं. शेवटी बायकोनं फोन परत केला.

"काय म्हणाल्या?"

"उद्या पूजा किती वाजता आहे ते विचारलं. फोन करणार आहेत. मी खरी वेळ सांगितली."

"मलाही सांग की."

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली आणि पानं माझ्या हातात देऊन आत वळली. "तुम्ही तर घरातच आहात."