गिअर आत्याच्या हातात

बाबा सकाळी मला फोन करत नाहीत. मेसेज करतात, तोही एका शब्दाचा. त्यामुळे त्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये असताना स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मला कळलं. मी फोन उचलला. ते म्हणाले, "ताई गेली गं." आणि थोडं थांबून, का कोण जाणे, "गाडी तुझ्याकडेच आहे ना?" मी हो म्हटलं. नारायण पेठेतल्या आत्याच्या बिल्डिंगमध्ये समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, म्हणून तिची गाडी पहिल्यापासून आमच्या कोथरूडच्या पार्किंगमध्ये, कव्हर घालून उभी असायची. त्या क्षणी बाबांना गाडी का आठवली, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारत नाहीत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नीलाआत्या. ती भूलतज्ज्ञ होती. पेठांमधल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल द्यायची, त्याचा श्वास सांभाळायची आणि सगळं आटोपलं की त्याला पुन्हा जागं करायची. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, दळण आणायचं राहून गेल्यासारखं. पेशंटना सर्जनचं नाव आठवायचं, तिचं नाही, आणि त्यात तिला फार समाधान होतं. "माणसाला कळता कामा नये, तो झोपला कधी आणि उठला कधी," असं ती म्हणे. गाडीही तशीच चालवायची. तिच्या जुन्या, साध्या, छोट्या गाडीत शेजारी बसलं की गिअर बदललेला कळायचाच नाही. आवाज जरा खाली यायचा, एवढंच. लहानपणी मी डोळे मिटून बसायची आणि आता कितवा गिअर आहे ते ओळखायची. बहुतेक वेळा चुकायची. ती खूश व्हायची.

गाडी शिकायला मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले होते. तिथले सर ओरडायचे. ओरडलेलं मला लहानपणापासून सहन होत नाही, हातपाय गार पडतात. क्लच, ब्रेक, आरसा, गिअर, मागून येणारी रिक्षा, आणि त्यात "अहो मॅडम, कुठे बघताय!" मी चार दिवसांत जाणं बंद केलं आणि घरी कोणाला सांगितलं नाही. आत्याने मात्र ओळखलं. एका रविवारी तिने मला आपल्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसवलं, स्वतः डावीकडे बसली आणि म्हणाली, "तू पाय आणि स्टिअरिंग बघ. गिअर माझ्याकडे." मी क्लच दाबायचा, तिने उजव्या हाताने गिअर टाकायचा, मी क्लच सोडायचा. आधी ती "हं" म्हणायची. मग तेही लागेना. इंजिनाचा आवाज चढला की माझा पाय आपोआप खाली जायचा, आणि पाय गेला की तिचा हात हलायचा. कोणाबरोबर न बोलता काही करता येतं आणि तरी ते दोघांचं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

याचा परिणाम लायसन्सच्या परीक्षेत दिसला. शेजारी परीक्षा घेणारे साहेब बसले होते, हातात पॅड. गाडी सुरू झाली, आवाज चढला, मी क्लच दाबला... आणि थांबले. गाडी नुसती घरंगळत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी समोर बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, गिअर कोण टाकणार? मी?" मी नापास झाले. घरी येऊन आत्याला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. "बिचारे! पण टाकायला काय हरकत होती? पगार घेतात ना?" पुढचा महिनाभर तिने मला दोन्ही हात वापरायला लावले आणि मी पास झाले. पण आम्ही दोघीच असलो की पुन्हा आमची जुनीच पद्धत सुरू व्हायची.

तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली, तिथून आजार सुरू झाला. आधी चप्पल बदलली. मग मोजड्या. मग एकदा जिन्यात तोल गेला. ती डॉक्टर, तिचे सगळे मित्र डॉक्टर. तपासण्या झाल्या आणि त्या लोकांनी तिला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. मज्जातंतूंचा आजार. पायापासून सुरू होतो, हातांकडे येतो, आणि मग श्वासाकडे. इतकी वर्षं दुसऱ्यांचा श्वास सांभाळलेल्या बाईने हे आम्हाला पुरणपोळीच्या ताटावर सांगितलं, होळीच्या दिवशी, आणि वर म्हणाली, "कट गरम आहे तोवर घ्या." त्यानंतरच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "केतकी, मला एक स्पोर्ट्स कार घ्यायचीय. चल बघायला."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. पण तिने बाणेरला एक वापरलेल्या गाड्यांचा विक्रेता शोधून ठेवला होता. त्याच्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. दोन सीटच्या, बुटक्या, रस्त्याला पोट टेकल्यासारख्या. एक पांढरी, ऑटोमॅटिक, जवळजवळ नवी. दुसरी राखाडी, गिअरची, जुनी, क्लच चांगलाच जड. विकणारा मुलगा उत्साही होता. "मॅडम, ऑटोमॅटिकच घ्या. पुण्याचं ट्रॅफिक बघताय ना? डाव्या पायाला कायमची सुट्टी!"

"त्याने स्वतःच घेतलीय," आत्या म्हणाली. मुलाला काही कळलं नाही, तरी तो हसला.

आधी ती राखाडी गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसली. मी शेजारी. तिथल्या आवारातच फिरवून बघायची होती. तिने क्लच दाबला, पाय अर्ध्यातच घसरला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. माझी मान पुढे जाऊन मागे आली. तिच्या गाडीत असं कधीच झालं नव्हतं. बाहेरून मुलगा म्हणत होता, "होतं मॅडम, सवयीची गोष्ट आहे." आत्याने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती जरा वेळ बसली. त्या वेळी मी तिच्याकडे बघितलं नाही... बघायला नको, एवढं मला कळत होतं. मग आम्ही जागा बदलून पांढरी गाडी चालवली. मी चालवली म्हणायचं, पण गाडी आपली आपणच सगळं करत होती, फार हुशारीने. आत्या शेजारी बसून होती. आवाराला दोन फेऱ्या झाल्यावर तिने मांडीवरचा उजवा हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मी इथे काय करू? रस्ता बघू?"

त्यावरून घरी भांडण झालं. आमच्या घरातली भांडणं हळू आवाजातली असतात. बाबा म्हणाले, "ताई, हट्ट करू नकोस. ऑटोमॅटिक घेतलीस तर वर्षभर तरी तुझी तू चालवशील. कोणावर अवलंबून राहायला नको."

"आणि वर्षानंतर? त्याच गाडीत पार्सलसारखी बसेन. गिअरची घेतली तर माझी मी आजही चालवू शकणार नाही, मान्य. पण मला काम राहील."

"कुठपर्यंत?"

"हात आहे तोपर्यंत."

"एक गाडी दोघी मिळून चालवणार. सर्कस आहे का?"

"तू तिकीट काढू नकोस," आत्या म्हणाली.

बाबा उठून गॅलरीत गेले. आई म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी," पण ते आत आले नाहीत. राखाडी गाडी घरी आली. बाबा त्या गाडीत कधीही बसले नाहीत. दुरून बघायचे, एखाद्या वेळी कव्हर सरळ करायचे.

रविवारी सकाळी मी नारायण पेठेत जायची. तिच्या बिल्डिंगखाली चष्म्याचं दुकान असलेले इकबालभाई आत्याला हात देऊन गाडीत बसवायचे. "डॉक्टर, जरा उंच गाडी मिळत नव्हती का?" ते दर वेळी विचारायचे. "उंच गाडीतून पडले तर लागेल," ती दर वेळी सांगायची. मग आम्ही खडकवासल्याच्या पुढे, पाण्याच्या कडेकडेने पानशेतच्या रस्त्याला लागायचो. गिअरचा दांडा आखूड होता, मूठ थंड, आणि तिचा हात त्यावर असा असायचा, जणू मांजराच्या डोक्यावर ठेवलाय. दुसरा, तिसरा, वळणाआधी पुन्हा दुसरा. माझा पाय, तिचा हात. इंजिन वरच्या पट्टीत गेलं की ती बाहेर बघत हसायची. आम्ही फारसं बोलायचो नाही. मला ऑफिसातल्या माणसांची भीती वाटते, हे मी फक्त तिला सांगितलं होतं, तेही वरसगावच्या फाट्याजवळ, समोर बघत, तिसऱ्या गिअरमध्ये. ती म्हणाली, "वाटू दे. क्लच अर्धा सोडू नकोस." आजपर्यंत मला मिळालेला तो सगळ्यात उपयोगी सल्ला आहे.

पावसाळा गेला आणि आजार हातात आला. तिने ते गिअर एकेक करून सोडत मान्य केलं. आधी रिव्हर्स, कारण त्याला दांडा खाली दाबावा लागायचा. "मागे जायचं काम तुझं." मग सहावा. "पुण्यात सहावा कोणाला लागतो?" मग पहिला, मग पाचवा. ते मी टाकायची आणि ती तोंड वाकडं करायची, कारण माझा हात धसमुसळा होता. शेवटी तिच्याकडे एकच बदल उरला. तिसऱ्यातून चौथा, सरळ मागे ओढायचा. हाताच्या नुसत्या वजनानेही तो पडायचा. सरळ, मोकळा रस्ता आला की मी तिसऱ्यातच आवाज चढवायची आणि तिच्यासाठी तो गिअर राखून ठेवायची. तिला कळत होतं. कळत असूनही ती काही म्हणायची नाही, आणि ते तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

शेवटच्या वेळी तिने हात मुठीवर ठेवला आणि तो सरकेना. मी क्लच दाबून धरला होता. गाडीचा वेग कमी होत होता, मागून कोणीतरी हॉर्न वाजवून पुढे निघून गेलं. मी माझा डावा हात तिच्या हातावर ठेवला.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "मी करते."

मी हात सैल सोडला, पण काढला नाही. तिची बोटं फार गार होती. मग दांडा मागे आला... चौथा पडला, अगदी अलगद, आचका नाही, आवाज नाही. तो तिने टाकला की मी, मला खरोखर माहीत नाही. ती म्हणाली, "बघ." त्यानंतर तिला त्या बुटक्या गाडीत बसवणं इकबालभाईंनाही जमेना, आणि नंतर कुठल्याच गाडीत.

ती जाऊन आता काही आठवडे झालेत. फोनवर नातेवाईक गाडीबद्दल विचारतात. विकून टाका, म्हणतात, किंवा ती देऊन बदल्यात एखादी ऑटोमॅटिक घ्या, केतकीला ऑफिसला जायला बरी. बाबा "बघू" म्हणतात. गेल्या रविवारी सकाळी मी आवरत होते, तर ते बूट घालून दारात उभे. म्हणाले, "मला जरा ने. तुम्ही जायचात तिकडे."

मी कव्हर काढलं. बाबा उंच आहेत. त्यांनी दार उघडलं, खाली वाकले, एक पाय आत घेतला आणि अडकले. आत्याचा हात नीट पोचावा म्हणून तिची सीट आम्ही अगदी पुढे घेतली होती, पाठही सरळ केलेली, आणि ती तशीच राहिली होती. बाबा कसेबसे बसले. गुडघे डॅशबोर्डला टेकले, डोकं छताला लागत होतं.

"बाबा, सीट मागे घ्या ना. खाली दांडी आहे."

त्यांनी खाली हात घातला. दांडी त्यांना सापडली, कारण हात तिथे थांबलेला मला दिसला. जरा वेळ त्यांनी ती धरून ठेवली. मग हात वर काढून गुडघ्यावर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "जवळच तर जायचंय."

पानशेत चांगलं तासाभराच्या अंतरावर आहे. मी गाडी सुरू केली.