आचारसंहितेतलं बाकडं

आमच्या प्रभागात गेली काही वर्षं विद्यमान नगरसेवक असा कोणी नाही. जे आहेत ते माजी आहेत, नाहीतर भावी. निवडणुका लांबत गेल्या, तसे माजी लोक माजीपणात मुरत गेले आणि भावी लोक फलकांवर पिकत गेले. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला आमची गल्ली आहे. तिच्या तोंडाशी दोघांचे फलक समोरासमोर लागलेले असतात. पूर्वी दोघं एकाच पक्षात होते आणि भावी हा माजीचा उजवा हात समजला जायचा. पुढे पक्षाचे दोन तुकडे झाले, तेव्हा हात एका तुकड्यात गेला आणि उरलेलं शरीर दुसऱ्यात. मी इथे त्यांना माजी आणि भावी एवढंच म्हणणार आहे. पक्ष सांगण्यात अर्थ नाही, हे छापून होईपर्यंत तो बदललेला असायचा.

या दोघांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. ते आईच्या गुडघ्यामुळे निर्माण झालं.

आई एकोणऐंशी वर्षांची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, ट्रंक कॉल जोडून देण्यात तिची सगळी नोकरी सरली. "मंत्री असो नाहीतर मटणवाला, तीन मिनिटं झाली की तीन मिनिटं झाली," असं ती अजूनही सांगते. मोठ्या माणसांविषयीचं तिचं एकूण तत्त्वज्ञान एवढ्यातच संपतं. सकाळी पेपर उघडला की हवामान विचारावं तशी ती विचारते, "आज कोण कुठे?" आणि मी कोण कुठल्या पक्षात गेलं ते वाचून दाखवते.

गणपती झाल्यावर तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईही म्हणाल्या, चाला. पण बिल्डिंगच्या आवारात गोल गोल फिरायला आई तयार नव्हती.

"कैद्यांना फिरवतात तसं मला नाही फिरायचं. मी भाजी आणायला जाईन."

मी मोबाइलवरून भाजी मागवायचे. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला दुधी तिने एकदा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "याला काय लागलंय?"

धाकटा भाऊ ठाण्यात, बाळकुमला एकविसाव्या मजल्यावर राहतो. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, चालायला वेगळी वाट आहे आणि ज्येष्ठांना बसायला मांडव घातलेला कोपरा आहे. भाऊ वाईट असता तर सोपं झालं असतं, पण तो चांगला आहे.

"ताई दिवसभर वागळे इस्टेटला ऑफिसात," तो आईला म्हणाला. "तू इथे एकटी. पडलीस-झडलीस तर? माझ्याकडे चल. खिडकीतून खाडी दिसते."

"खाडी दिसते, माणूस दिसत नाही. खाली बघितलं की सगळे मुंग्यांएवढे. मला निवडून आल्यासारखं वाटतं तिथे."

शेवटी तह झाला. संक्रांतीपर्यंत आई एकटी बाजारात जाऊन परत आली तर ती डोंबिवलीत राहणार. नाहीतर बाळकुम. आईने शब्द दिला. ती दिलेला शब्द पाळणारी बाई आहे, म्हणजे राजकारणात निरुपयोगी आणि घरात धोकादायक.

बाजार माझ्या पायांनी दहा मिनिटांवर आहे. आई निम्म्या वाटेपर्यंत जाऊ शकत होती. तिथे पाच मिनिटं टेकायला मिळालं तर पुढची निम्मी वाटही तिला जमली असती. पण त्या निम्म्या वाटेवर टेकायला काहीच नव्हतं. विजेचा डबा, बंद पडलेलं दूध केंद्र आणि दुकानांच्या पायऱ्या. पायऱ्यांवर कोणी बसू नये म्हणून दुकानदारांनी टोकदार लोखंडी पट्ट्या ठोकल्यात.

म्हणून मी अर्ज घेऊन माजीच्या जनसंपर्क कार्यालयात गेले. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता, टॉवेलच्या पुढे माजी होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, हे मला मान्य केलं पाहिजे.

"एक बाकडं. बस? आजींचं मतदान इथेच ना?"

"इथेच."

"घरात किती?"

"दोन."

"आणि भाऊ म्हणालात तुम्ही."

"तो बाळकुमला असतो."

"अरेरे," माजी म्हणाला, माझा भाऊ वारल्यासारखं.

बाराव्या दिवशी बाकडं आलं. माझ्या पासपोर्टला याहून जास्त दिवस लागले होते. बसायच्या पट्ट्या पक्षाच्या रंगात रंगवलेल्या होत्या. पाठीवर माजीचं नाव आणि 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' ही अक्षरं होती. 'माजी' हा शब्द इतका बारीक होता की तो वाचायला जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की नाव वाचल्याशिवाय सुटका नव्हती. दुसऱ्या दिवशी बाकड्याच्या डोक्यावर भावीचा फलक लागला: 'आमच्या पाठपुराव्याला यश!' पाठपुरावा मी एकटीने केला होता, पण माझ्याकडे फलक नव्हता.

त्या रविवारी मी आईला घेऊन गेले. बाकडं पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये सुतळीने बांधलेलं होतं. शेजारी पांढऱ्याच कपड्यांतला पन्नाशीचा एक कार्यकर्ता उभा होता.

"आजी, बसू नका हां. लोकार्पण बाकी आहे."

"कोणाला अर्पण करणार आहात?"

"लोकांना."

"मग मी कोण आहे?"

तो विचारात पडला. "तुम्ही आहातच हो. पण मोठ्या साहेबांची तारीख नाही मिळाली अजून."

आई माझ्या खांद्याला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग आम्ही परत फिरलो. संध्याकाळी गुडघा सुजला. मी बर्फाची पिशवी धरून बसले होते आणि टीव्हीवर मोठे साहेब कुणाच्या तरी गळ्यात पक्षाचं उपरणं घालत होते. त्या आठवड्यात त्यांच्याकडे पक्षप्रवेश फार होते. पुढच्या आठवड्यात ते दिल्लीला गेले. बाकडं प्लॅस्टिकमध्ये होतं तिथेच राहिलं.

मग निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. पालिकेची माणसं गल्लीत फिरली. फलक उतरले. पाट्यांवर, कमानींवर, पाणपोईवर, सार्वजनिक शौचालयाच्या कोनशिलेवर, जिथे जिथे नाव होतं तिथे कागद चिकटला. सगळा प्रभाग आहेर बांधल्यासारखा दिसू लागला. बाकड्याचं प्लॅस्टिक काढून त्यांनी खाकी कागद गुंडाळला. पाठीवर नाव म्हणून पाठीला, आणि पट्ट्यांना पक्षाचा रंग म्हणून पट्ट्यांनाही.

"आधी नावासाठी बसू देत नव्हते," आई म्हणाली. "आता नावामुळे बसू देत नाहीत."

मी प्रभाग कार्यालयात जाऊन निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या एका थकलेल्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे फक्त झाकायचं काम आहे. उघडायचं नंतर."

संक्रांतीला तीन आठवडे उरले होते. भावाचा फोन आला. "ताई, आईच्या खोलीला रंग काढतोय. तिला विचार ना, कुठला हवा."

मी विचारलं. आई म्हणाली, "रंगाचं नाव काढू नको म्हणावं. आचारसंहिता आहे."

त्यावर आम्ही दोघी हसलो. पण दोन दिवसांनी मी ऑफिसातून आले तेव्हा ती पलंगावर साड्यांचे दोन ढीग लावत होती. नेसायच्या एकीकडे, देऊन टाकायच्या दुसरीकडे. एक साडी ढिगावर ठेवत ती म्हणाली, "लिफ्ट असली की तसं बरंच पडतं, नाही?" एरवी ती दुखलं तरी भांडते. हे इतकं समंजस बोलणं मला तिच्या तोंडून ऐकवेना.

शनिवारी सुट्टी होती. मी पर्समध्ये कात्री टाकली आणि आईला म्हटलं, चल. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी कायदा मोडायला निघाले होते, तेही खाकी कागदाविरुद्ध.

कात्रीची गरज पडली नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनी कागद जागोजागी फाडला होता आणि पालिकेचा एक माणूस खळीची बादली घेऊन तो पुन्हा चिकटवायला आला होता. साठीला टेकलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात ब्रश. तो खळ ढवळायला वाकला आणि आई सरळ जाऊन बाकड्यावर बसली. पाठ टेकून, पदर नीट करून.

"मावशी, उठा. आचारसंहिता आहे."

"बसायला बंदी आहे?"

"बसायला नाही. नाव दिसायला नको."

"दिसतंय?"

तो दोन पावलं मागे सरला. समोरून बघितलं, डावीकडून बघितलं. नाव आईच्या पाठीमागे होतं आणि पक्षाचा रंग तिच्या साडीखाली.

"नाही दिसत," त्याने कबूल केलं.

"मग तुमच्या कागदापेक्षा मी बरी. मला कुत्री फाडत नाहीत."

"आणि तुम्ही उठल्यावर?"

प्रश्न रास्त होता. आईलाही तो पटला असावा, कारण तिने वेळ घेतला. "पाठीला तुमचा कागद राहू दे. दोन थर लावा, माझी तक्रार नाही. बसायचं तेवढं मोकळं करा."

"पण पट्ट्यांचा रंग?"

"कुठला रंग कुणाचा, हे तुम्हाला आता सांगता येतं का हो?"

त्याने वाकून पट्ट्या निरखल्या. "खरं सांगू? नाही येत," तो म्हणाला. "गेल्या निवडणुकीला मी याच रंगाच्या दोन पार्ट्यांचे झेंडे काढले. पण वहीत काय लिहू?"

"झाकलं म्हणून लिहा. नाव झाकलंच आहे की."

त्याने तसं लिहिलं. पट्ट्यांवरचा कागद ओढून काढला, पाठीवर दोन थर लावले आणि बादली खाली ठेवून स्वतःच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. सकाळी सहापासून उभा होता म्हणाला. मग दोघं गुडघ्यांविषयी बोलू लागले. त्याचा डावा होता. मी पर्समध्ये कात्री घेऊन उभी राहिले, कारण तिसऱ्याला जागा नव्हती.

त्या दिवशी आई बाजारापर्यंत पोचली. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणारी आगरी बाई तिला बघून म्हणाली, "आली गो बाय एकदाची. मना वाटला, गेली का काय." आईला हे स्वागत फार आवडलं. पण मी सोबत होते, त्यामुळे ती खेप धरायची नव्हती. पुढचे दिवस ती काठी घेऊन रोज थोडं थोडं एकटी जाऊ लागली. बाकड्यापर्यंत, मग बाकड्याच्या पुढे, आणि एकदा बाजार समोर दिसत असताना पाय भरून आला म्हणून परत.

संक्रांतीच्या आधीचा रविवार उजाडला. भाऊ सकाळी साडेनऊला आला. हातात मोठी रिकामी सूटकेस.

"आई कुठेय?"

"भोगीची भाजी आणायला गेलीय."

"एकटी?"

"तसंच ठरलं होतं ना?"

तो गाडीची किल्ली घेऊन उठला. मी म्हटलं, "तू गेलास तर ती एकटी कशी होईल?" तो बसला. मी चहा केला. तो तीनदा गॅलरीत जाऊन आला. दहा वाजता रस्त्यावर ढोल वाजायला लागला. भावीची प्रचारफेरी होती. तिची शेपटी सरते न सरते तोच समोरून माजीची आली आणि दोन्ही फेऱ्या नेमक्या बाकड्याच्या टापूत एकमेकींना भिडल्या, असं आवाजावरून कळत होतं.

"त्या गर्दीत ती?" भाऊ म्हणाला. त्याने बूट घातले. मग काढले. मग पुन्हा घातले आणि तसाच सोफ्यावर बसून राहिला. मीही वरवर शांत होते, पण चहात साखर दोनदा घातली होती.

अकरा वाजून गेल्यावर जिन्यात काठीचा आवाज आला. आमचा पहिला मजला, त्यामुळे आवाज सुरू झाल्यापासून दार उघडेपर्यंत बराच काळ गेला. भाऊ दारात उभा राहिला, पण खाली उतरला नाही. आई वर आली. तिच्या मागे गळ्यात उपरणं घातलेला एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन आला. पिशव्या ठेवून त्याने सगळ्यांना नमस्कार केला, एक पत्रक दिलं आणि गेला.

"हा कोण?" भाऊ म्हणाला.

"भावीचा माणूस. मी येताना बाकड्यावर बसलेय, तर दोन्हीकडून फेऱ्या आल्या. अख्ख्या रस्त्यात बसलेला मतदार मी एकटीच. आधी भावी पाया पडला, मग तो दुसरा. 'आजी, आशीर्वाद द्या.' म्हटलं, आधी वाट द्या. अर्धा तास उठता येईना मला. मग म्हटलं, पिशव्या तरी पोचवा. दोघांनी माणूस द्यायची तयारी दाखवली. ज्याचा माणूस आधी हलला त्याला दिल्या."

"म्हणजे तू एकटी नाही आलीस," भाऊ म्हणाला. तो स्वभावाने सरळ आहे, नियमाचं तंतोतंत पालन त्याला लागतं. हेही त्याने आईकडूनच घेतलंय.

आईने खुर्ची ओढली, पाय लांब केला आणि श्वास घेतला.

"पिशव्या त्याने आणल्या," ती म्हणाली. "मला मी आणलं."

भावाने खाली बसून पहिली पिशवी उघडली. वालपापडी, पावटा, गाजरं, वांगी, हरभरा, सगळं दुप्पट. दोन घरांचं. त्याने आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. मग त्याने सूटकेस जवळ ओढली आणि निम्मी भाजी त्यात भरायला लागला.

"जेवून जा," मी म्हटलं.

"नको, दुपारी पुन्हा कोणाची तरी रॅली आहे. रस्ता बंद व्हायच्या आत निघतो." सूटकेसची चेन लावून तो आईला म्हणाला, "पुढच्या रविवारी तू ये बाळकुमला. नुसती जेवायला."

"बघते," आई डोळे न उघडता म्हणाली. "मतदान होऊ दे."