पूर्वेला वळणारी छत्री

आमच्या घरावर छत्री बसली ती विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. पावसाची नव्हे, टीव्हीची. दहा फूट रुंद, जाळीची, खाली लोखंडी खांब आणि पाठीला मोटार लावलेला दांडा. आमच्या बोरी गावात तोवर घराघरांवर काड्यांचे अँटेना होते आणि त्यांवर कावळे बसत. आमच्या छत्रीवरही कावळेच बसले. मी एकदा तिच्यावर गोधडी वाळत घातली, तर मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मालक म्हणजे माझा नवरा. ते दोन दिवस बरे गेले.

छत्री आणण्यामागे जगाचं ज्ञान वगैरे काही नव्हतं. माझ्या मुलीसाठी माझ्या भावाने परभणीचं स्थळ आणलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, घरी रंगीत टीव्ही, गल्लीत केबलची तार. मुलाच्या आईला शंका होती की खेड्यातली पोरगी तिथे रुळेल कशी. यावर सरळ उपाय म्हणजे पोरीला भेटून चार गोष्टी विचारायच्या. तो कुणालाच सुचला नाही. मालक नांदेडला गेले आणि छत्री सांगून आले. त्यांच्या गल्लीत तार असेल, आपल्या घरावर अख्खं आभाळ उतरणार आहे, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते. आमचं आडतीचं दुकान. तूर घेऊन आलेला माणूस वजन होईपर्यंत जाणार कुठे?

मला ते स्थळ नको होतं. मुलगी बारावी झाली होती आणि तिने डी.एड.चा अर्ज भरला होता. शिक्षणाचा मला फार उमाळा होता असं कुणी समजू नये. मी चौथी शिकले, पुढे कुणी शिकवलं नाही आणि मीही रडले नाही. पण लग्नानंतर इतकी वर्षं मी बांगड्या भरायच्या म्हटलं तरी मालकांपुढे हात पसरत आले होते, आणि गावच्या शाळेतल्या बाई पगार स्वतःच्या पर्समध्ये ठेवतात हे मी डोळ्यांनी पाहत होते. माझं शिक्षणाबद्दलचं मत एवढंच. ते मी घरात एकदा बोलून दाखवलं, तर मालक म्हणाले, भाकरी करपायलीय बघ. ती करपली नव्हती.

मेकॅनिक ठरल्या दिवशी आला नाही, कारण बंदमुळे एसटी उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी आला. आमच्या मागच्या खोल्यांवर मातीचं माळवद होतं, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब. स्लॅबवर त्याने खांब उभा केला, खिशातून होकायंत्र काढलं आणि छत्रीचं तोंड दक्षिणेला केलं. मालकांनी नारळ फोडला. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, छत्रीच्या काठावर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तोंड कुठे आहे.

"घरावरची वस्तू दक्षिणेकडं तोंड करून बसवायलास?" ते मेकॅनिकला म्हणाले. "कोन मेलंय आमच्यात?"

आमच्या घरात दक्षिणेला झोपणाऱ्याचे पाय नकोत, दिव्याची वात नको. आता दहा फुटांचं भांडं नेमकं यमाच्या दाराकडे तोंड करून बसलं होतं. मेकॅनिकने समजावून सांगितलं की ज्यांच्याकडून चित्र येतं ते सगळे उपग्रह आपल्या दक्षिणेलाच आहेत. छत्री मोटारीवर फिरते, पण आग्नेयेपासून नैऋत्येपर्यंत, मधे दक्षिण येणारच. अण्णांनी विचारलं, वर एवढे सोडलेत तुमी, त्यातला एकबी पूर्वेला न्हाई? जणू त्यानेच ते उपग्रह रात्रीतून गच्चीवरून सोडले होते.

दोन दिवस हा वाद चालला. शेवटी तह झाला. पाहायच्या वेळी छत्री कुठेही तोंड करो, पण दिवेलागणीला अण्णा लिंगपूजेला बसले की ती पूर्वेला वळलेली पाहिजे, आणि पूजा आटोपेपर्यंत तिने तिकडेच पाहायचं. मेकॅनिक म्हणाला, दांडा आग्नेयेपर्यंतच जातो, तिथे त्याला थांबा लावलेला असतो, त्यापुढे रेटला तर छत्री कलंडून अडकेल. अण्णा म्हणाले, आग्नेय ही चुलीची दिशा, छत्री काय चूल आहे का? मेकॅनिकला जिंतूरहून पुढची गाडी गाठायची होती. त्याने थांबा ढिला केला, आता तुमचं तुम्ही बघा म्हणाला आणि हत्यारं आवरली.

खाली खोलीत टीव्हीशेजारी एक डबा होता. त्यावर एक बटण पूर्वेचं, एक पश्चिमेचं, इंग्रजी अक्षरं आणि लाल आकडे. कोणत्या आकड्याला काय दिसतं ते मेकॅनिकने सगळ्यांना दाखवलं. मालकांनी दोन्ही बटणं एकदम दाबली. त्यानंतर त्याने फक्त माझ्या मुलीलाच दाखवलं. तिने आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात जग कुणाला किती दिसावं हे तिच्या हातात आलं. मालक छत्रीचे धनी. पण ती घरात नसली की त्यांच्या वाट्याला पडद्यावरच्या मुंग्या यायच्या.

रोज दिवेलागणीला ती पूर्वेचं बटण दाबायची. छत्री आग्नेयेपर्यंत शहाण्यासारखी जायची, मग कण्हायची, एका अंगावर कलंडायची आणि अडकायची. अण्णा समाधानाने पूजेला बसायचे. पूजा झाली की मुलगी शिडीने स्लॅबवर जाऊन छत्रीच्या काठाखाली खांदा लावायची आणि वरून ओरडायची, "आई, दाब." मी खाली पश्चिमेचं बटण दाबायची. दांडा करकरत सुटायचा. हे आम्ही दोघींनी महिनाभर केलं. यंत्राला रोज नमस्कार घालायला लावणारं घर अख्ख्या जिल्ह्यात आमचं एकच असावं. पाहायला लोक पारावरून उठून येत.

मृगाच्या पेरण्या झाल्या आणि डी.एड.ची यादी लागली. तिचं नाव होतं. परभणीला जाऊन सोमवारपर्यंत प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्याच आठवड्यात माझ्या भावाचा चुडाव्याहून निरोप आला की पाहुणे शनिवारी येतायत, आणि पसंती झाली तर आषाढ लागायच्या आत, तिथेच सुपारी फोडायची. त्यांना नोकरी करणारी सून नको होती. म्हणजे शनिवारी सुपारी फुटली की सोमवार संपला.

"आई, सोमवारी शेवटची तारीख हाय," मुलगी पीठ मळता मळता म्हणाली.

मी म्हटलं, मला वार कळतात.

शनिवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मधे माझा भाऊ. मुलाचे वडील आले ते थेट टीव्हीसमोर बसले. पोहे झाले, प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. मुलगी पाटावर डोक्यावरून पदर घेऊन बसलेली, आणि मालक मधेच हाक मारायचे, बाळ, जरा ते कुस्तीचं लाव. मग ती पाटावरून उठायची, पदर सावरत डब्यावर आकडा लावायची आणि परत पाटावर येऊन मान खाली घालायची. असं चार वेळा झालं. पडद्यावर परदेशातले दोन दांडगे एकमेकांना उचलून आपटत होते. मुलाचे वडील सुपारी, सून, मुलगा, सगळं विसरले होते.

तेवढ्यात अण्णा अंघोळ करून आले. दिवा लागला होता.

"छत्री वळवा," ते म्हणाले.

"पाचच मिनिटं, अण्णा," मुलाचे वडील पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पडायलाय आता तो."

"तो पडो न्हाईतर मरो. दिवा लागलाय."

मुलीने बटण दाबलं. दांडगे गेले, मुंग्या आल्या. वर छत्री कण्हली, कलंडली, अडकली. पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं तसं पाहुण्यांचं तोंड झालं. अण्णांची पूजा त्या दिवशी रोजच्यापेक्षा लांबली. मला वाटतं मुद्दाम.

पूजा संपल्यावर मालकांना पाहुण्यांसमोर हुशारी दाखवायची हुक्की आली. त्यांनी स्वतः पश्चिमेचं बटण दाबलं. मोटार नुसती घुमली. पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. जळका वास यायला लागला. तेव्हा मुलगी पाटावरून उठली, त्यांचा हात डब्यावरून बाजूला केला, नव्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि बाहेर जाऊन शिडी चढली. तिच्यामागे मुलगा अंगणात गेला, त्याच्यामागे सगळे. मुलगी पाहायला आलेले लोक. पण त्यांनी तिला खरं पाहिलं ते तेव्हाच, माना वर करून.

मुलाची आई तेवढी आत राहिली. मी डब्यापाशी बसले होते. ती माझ्याजवळ आली.

"काय हो बाई, पोरगी न्हेमीच अशी वर चढती का?"

आईने इथे काय बोलायचं असतं ते मला माहीत होतं. आज पहिल्यांदाच, पाहुण्यांसाठी म्हणून, तशी लाजाळू आहे.

"रोज चढती," मी म्हणाले. "उतर म्हणलं तर लौकर उतरत बी न्हाई. बापाचं ऐकत न्हाई, आजाचं ऐकत न्हाई."

दारातून माझा भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. वरून आवाज आला, "आई, दाब." मी दाबलं. चित्र आलं. आपलं काम झालं, असं मला वाटलं.

झालं उलटंच. पाहुण्यांनी लिंबाखाली उभं राहून आपसात खलबत केलं. भाऊ आत आला आणि म्हणाला, "अक्का, पसंत हाय म्हणायलेत." मुलाच्या आईचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या घरातही आमच्यासारखंच चालत असणार. मी फडताळातून पेढ्यांचा डबा काढला, परत ठेवला, मग पुन्हा काढला, कारण मालक पाहत होते.

सगळे बैठकीत बसले. देण्याघेण्याचं बोलणं सुरू झालं. घड्याळ, कपाट, मानपान, मालक प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. शेवटी भावाने घसा साफ केला.

"दाजी, एक बारीक गोष्ट राहिली. पोरीसंगं छत्री बी द्यावी म्हणायलेत. मोटारीसकट. पोरीला ती चालवता येती, मंग तिच्यासंगंच असलेली बरी."

मुलाचे वडील म्हणाले की गल्लीतला केबलवाला ऐन रंगात तार काढतो, लय तकलीफ आहे.

मालकांची मान थांबली. त्यांनी वर छताकडे पाहिलं, जणू स्लॅबमधून छत्री दिसत होती. मग मुलीकडे पाहिलं. ती दाराशी उभी राहून हाताचं ग्रीस नव्या साडीला पुसत होती. मी त्यांच्या शेजारी जन्म काढलाय. मालाच्या पोत्यावर हात ठेवून ते मनात वजन करतात, तेव्हा त्यांचे डोळे कसे होतात ते मला माहीत आहे. तसेच झाले होते.

"पोरगी घ्या," ते म्हणाले. "छत्री न्हाई जमायची."

अण्णांनी पूजेच्या जागेवरून दुजोरा दिला. "देवाच्या टायमाला वळायची तिला सवय लागलीय. परभणीत तिला कोन वळवील?"

मुलगी बापाकडे बघत होती. रडत नव्हती. नवीन काहीच कळलं नव्हतं तिला, फक्त चार माणसांत पहिल्यांदा ऐकलं होतं.

मुलाचे वडील उठले. छत्रीसारखी छत्री नाकारणाऱ्या घरात सोयरीक कशी करायची, असं काहीतरी म्हणाले. सुपारी ताटात तशीच राहिली. चौघांच्या पुरणपोळ्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या.

रविवारी मालकांनी मला दोष दिला. मी वाकडं बोलले म्हणून मोडलं. मी म्हटलं, मी पोरीबद्दल बोलले, तुम्ही छत्रीबद्दल बोललात, त्यांनी कशावर मोडलं ते तुम्हीच बघा.

सोमवारी आम्ही दोघी पहिल्या गाडीने निघालो. मालक अडवू शकले असते. पण त्यांनी मुलगी देऊ केली आणि छत्री राखली, हे तोवर पारावर पोचलं होतं, आणि पोरीला कॉलेजात घालणं हा त्यातून सुटायचा बरा रस्ता त्यांना दिसला. नंतर दुकानात ते सांगू लागले की शिक्षणासाठीच स्थळ सोडलं. त्यांनी फुशारकी मारली म्हणून जागा जाणार नव्हती, म्हणून मी सांगू दिलं. निघताना अण्णांनी विचारलं, संध्याकाळी छत्री कोण सोडवणार? मी म्हटलं, राहू द्या पूर्वेलाच, तुमची कायमची सोय झाली.

कॉलेजात खिडकीपुढे रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा आतल्या कारकुनाने फॉर्म पाहिला आणि विचारलं, वडील कुठे आहेत?

"घरी हायत," मी म्हणाले. "मी आईय."

त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पालकाच्या सहीच्या रेघेवर बोट ठेवलं. मुलीने पेन दिलं. मी बऱ्याच वर्षांत काही लिहिलं नव्हतं. कागद टेकवायला धड जागा नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, मावशी, अंगठा चालतो, उरका.

मी मागे पाहिलं नाही. माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, एकेक अक्षर सावकाश काढलं, वर रेघ मारली, आणि मगच खिडकी सोडली.