थांबायचं कसं, ते पुढच्या तासाला

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कुठल्या तरी संस्थेत जाऊन सेवेचे काही तास भरायचे होते. बरोबरच्या मुलींनी ओळखीपाळखीतून जागा आधीच धरून ठेवल्या होत्या. पुण्यात माझी ओळख म्हणजे मांजरीहून येणाऱ्या बसचा कंडक्टर, आणि तीही पास दाखवण्यापुरती. त्यामुळे सगळ्यांनी सोडलेली जागा माझ्या वाट्याला आली. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये निवृत्त लोकांचा अभ्यासवर्ग भरायचा, तिथं जायचं होतं.

मला वाटलं, म्हातारी माणसं असतील, पेपर वाचून दाखवायचा, हाताला धरून जिना उतरवायचा. पहिल्या दिवशी दार उघडलं तर आत फळ्यावर सूर्यग्रहण चाललं होतं आणि दोन आजोबा चंद्राच्या सावलीवरून इतके तावातावानं भांडत होते की मी दारातच थांबले. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे न वळता म्हणाल्या, "प्रश्न असेल तर हात वर कर. नसेल तर बस. दारात उभं राहून ज्ञान येत नाही." त्या पूर्वी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि वयानं मोठी माणसंही जरा सावरून म्हणत.

वर्गाची रीत अशी होती. ज्याला जे शिकायचं असेल ते त्यानं सांगायचं, ज्याला ते येत असेल त्यानं शिकवायचं. आधी फळ्यावर, मग प्रश्नोत्तरं, शेवटी लेखी परीक्षा. प्रश्नांना मर्यादा नव्हती. तास मात्र बाराच्या ठोक्याला संपायचा, कारण घरोघरी कुकर लावायचे असत. त्यामुळे प्रत्येक विषयाचा शेवटचा भाग पुढच्या तासावर जायचा, आणि पुढचा तास मागच्या तासाच्या प्रश्नांनी सुरू व्हायचा. उर्दू लिपी शिकणाऱ्यांना शेवटची काही अक्षरं अजून भेटलेली नव्हती. योगासनांच्या वर्गात शवासन कायम राहून जायचं. तिथली मंडळी थकून घरी जायची आणि त्यातल्या काकू म्हणायच्या, योगानं फार दमायला होतं.

माझ्याकडे फोन होता. म्हणजे फोन शिकवणं. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिकलेल्या माणसांसमोर बोलायचं म्हणजे मी वाक्य आधी मनात जुळवायची, त्यातलं 'हाय' काढून 'आहे' घालायची, आणि तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. फोनचं बरं होतं. बोट कुठं ठेवायचं एवढं दाखवलं की झालं.

त्या फोनपायीच पुढचं सगळं घडलं. वर्गात त्याच सोसायटीत राहणारे, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना बंगळूरच्या नातीशी चेहरा बघून बोलायचं होतं. मी फोन लावून दिला आणि त्यांनी तो अख्ख्या वर्गाला दिसेल असा धरला. नात सात वर्षांची. तिनं नवी सायकल दाखवली, बाजूची दोन छोटी चाकं काढून टाकल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "आबा, आता तू तुझी दाखव."

काका म्हणाले, "मला नाही येत सायकल."

अख्ख्या वर्गानं वळून काकांकडे बघितलं. त्या वयाचा पुणेकर आणि सायकल येत नाही, हे त्या लोकांना चष्म्याशिवाय दिसावं इतकं ठळक होतं. त्यातून हे पोस्टातले. काकांनी सगळी नोकरी काउंटरमागे केली होती, बाहेर पोस्टमन लोकांच्या सायकली ओळीनं उभ्या. घरी मोपेड होती ती काकू चालवायच्या, हे पिशवी घेऊन मागे बसायचे.

"नो प्रॉब्लेम," नात म्हणाली. "दिवाळीत मी येतेय ना? मी शिकवीन तुला. पडलास तर रडायचं नाही फक्त."

वर्ग हसला. काकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि उभे राहून विषय मांडला. सात वर्षांच्या मुलीकडून आपण सायकल शिकणार नाही, दिवाळीच्या आत आपल्याला ती आलेली असली पाहिजे, वर्गानं तसं बघावं.

वर्गानं बघितलं ते वर्गाच्या पद्धतीनं. एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर काका शिकवायला उभे राहिले. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर सायकल काढली, इतकी सुरेख की ती पुसायला कुणी धजेना. मग तोल. मग गुरुत्वमध्य. तो माणसाच्या पोटात असतो की सायकलच्या दांड्यात, यावर एक अख्खा तास गेला. मग आला ब्रेक. इंजिनिअर काकांनी सगळ्यांना बजावलं की वेगात असताना पुढचा ब्रेक एकटाच दाबला तर मागचं चाक उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यांनी तो फेकला गेलेला माणूसही फळ्यावर काढला. एका काकूंनी विचारलं, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला असतो? इंजिनिअर काका म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पण बारा वाजले, पुढच्या तासाला घेऊ.

पुढच्या तासाला कुणी तरी विचारलं की तो माणूस नेमका किती लांब फेकला जाईल. त्यात तो तास गेला.

बाईंनी लेखी परीक्षा घेतली. प्रश्न सहा, त्यातले कोणतेही चार सोडवायचे. ब्रेकचा प्रश्न पोस्टातल्या काकांनी सोडून दिला आणि ते वर्गात पहिले आले. बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की काका अजून एकदाही सायकलवर बसलेले नाहीत.

सायकल बाईंच्या मुलाची होती, पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली. मागून धरून पळायला कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे बघितलं. मी हात वर केला. या वर्गात मी आपणहून वर केलेला तो पहिला हात. मला सायकल येत होती. आमच्याकडे मांजरीला वडिलांच्या उंच सायकलवर दांड्याखालून पाय घालून मी शिकले होते. तिचे ब्रेक नावाला होते. थांबायचं असलं की रानातल्या उसाच्या पाचटाचा ढीग गाठायचा आणि उडी टाकायची.

सोसायटीच्या इमारतीभोवती सिमेंटचा रस्ता होता. त्यावर रोज सकाळी काका पुढे, कॅरिअर धरून मी मागे आणि कडेनं वर्ग. वर्ग बोलत असायचा. हँडल सैल धरा, घट्ट धरा, पोट आत घ्या. मलाही सांगायचं असायचं की काका खाली बघताहेत आणि म्हणून तोल जातोय. पण "काका, आपण जरा समोर बघाल का" हे वाक्य मनात तयार होईपर्यंत काका गुलाबाच्या कुंड्यांत पोचलेले असायचे. एकदा ते थेट वॉचमनच्या खुर्चीवर निघाले. वॉचमन खुर्चीत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "वर बघा की! खाली काय पुरून ठेवलंय का तुमी?"

काकांनी मान वर केली, सायकल सरळ झाली आणि खुर्चीला वळसा घालून पुढे गेली. मला मात्र घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायचं वाक्य बसमध्ये पाठ करून गेले. ते म्हणायच्या आधीच काका म्हणाले, "काल ओरडलीस तसंच ओरडत जा. ते 'आपण' वगैरे नको, त्यात फार वेळ जातो."

तेव्हापासून मी ओरडायला लागले. आठवड्याभरात माझी भीड चेपली आणि काकांचा तोल आला. मी कॅरिअर सोडून नुसती मागून पळायची, आणि फेरी संपली की पुढे होऊन कॅरिअर धरायची. मग ते उतरायचे. ब्रेकला मात्र हात लावायचे नाहीत. फळ्यावरचा तो फेकला गेलेला माणूस त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. मी एकदा हळूच "काका, ब्रेक…" असं सुरू केलं, तर इंजिनिअर काका म्हणाले, "ब्रेक हा विषय माझ्याकडे आहे. तू पळण्याकडे लक्ष दे." मी पळण्याकडे लक्ष दिलं.

नात येणार त्याच्या आदल्या दिवशी बैठक झाली. नातीला वाटलं पाहिजे की आबांना सायकल केव्हाची येते, त्यात विशेष काही नाही. तेव्हा काका मंडईतून आल्यासारखे हँडलला भाजीची पिशवी लावून फाटकातून आत येतील, असं ठरलं. शर्ट कुठला, यावर चर्चा झाली. पिशवीतून मेथी बाहेर दिसावी की कोथिंबीर, यावर मतदान झालं. मी फाटकाबाहेर त्यांना सायकलवर चढवून द्यायचं आणि मग अजिबात दिसायचं नाही, नाहीतर शिकवणी लागली होती हे कळेल. मतदानात मेथी जिंकली आणि सगळे समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात आजीचा हात धरून खाली उभी होती. गळ्यात हेल्मेट अडकवलेलं, आबांना शिकवायच्या तयारीनं. वर्गातली मंडळी सहज जमल्यासारखी कठड्यावर बसली होती. मी फाटकाबाहेर काकांना जोर दिला आणि ते आत शिरले. पाठ ताठ, नजर समोर, मेथी डुलतेय. मी फाटकाच्या खांबाआडून बघत होते.

नातीचं तोंड उघडंच राहिलं. काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली, जसे रोजच असे येतात, आणि तिच्यासमोरून पुढे निघून गेले.

इमारतीला वळसा घालून ते परत आले. काकू म्हणाल्या, "उतरा आता."

"आणखी एक फेरी," काका म्हणाले आणि गेले.

दुसऱ्यांदा आले तेव्हा, "हवा छान आहे." तिसऱ्यांदा नुसतं माझ्या खांबाकडे बघितलं. तेव्हा मला उमगलं, आणि त्याच क्षणी बहुतेक सगळ्या कठड्याला उमगलं. इंजिनिअर काका उभे राहिले, "पुढचा ब्रेक…" म्हणाले, पण तोवर काका कोपऱ्यावरून वळले होते. बाई इंजिनिअर काकांना शांतपणे म्हणाल्या, "तुमचा पुढचा तास चालू आहे तो."

मी खांबाआडून निघाले, पण फाटकापासून त्यांना गाठणं शक्य नव्हतं. मेथी आता एकेक जुडी करून रस्त्यावर सांडत होती. काकांचा चेहरा तांबडा झाला होता. पडणं त्यांना चाललं असतं, हे मला ठाऊक होतं, सुरुवातीला रोज पडतच होते. नातीसमोर पडणं चालणार नव्हतं, म्हणून ते पायडल मारत राहिले होते.

नात मात्र घाबरली नाही. आजीचा हात सोडून ती त्यांच्याबरोबर पळायला लागली. तिला सगळं कळलं होतं. पळता पळता ती म्हणाली, "आबा, पायडल मारू नकोस. पाय तसेच ठेव. आता दोन्ही हातांनी हळूच दाब. दोन्ही. हळू. लिंबू पिळतो तसं."

काकांनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल हळू झाली, आणखी हळू झाली. नात म्हणाली, "आता एक पाय खाली." त्यांनी पाय टेकवला आणि ते थांबले. उभेच होते. कुणी फेकलं गेलं नाही.

दोन्ही ब्रेक, एवढी साधी गोष्ट इतक्या तासांत आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून निघाली नव्हती. काका धापा टाकत नातीकडे बघत होते. मला वाटलं, आता ते काही तरी सांगतील, पायात पेटका आला होता वगैरे. ते सांगायलाही वर्गानं त्यांना मदत केली असती.

"आबा, तुला स्टॉप करता येत नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं," काका म्हणाले. "आता आलं."

मग ते पुन्हा सायकलवर बसले. माझ्या मदतीशिवाय, जरा वेडेवाकडे, पण बसले. कठड्यापाशी आले, लिंबू पिळल्यासारखे ब्रेक दाबून थांबले, आणि बाईंना म्हणाले, "हिनं शिकवलं." पुढे गेले, उर्दू शिकवणाऱ्या चाचांसमोर थांबले, "नातीनं शिकवलं." प्रत्येकासमोर थांबले. माझ्यासमोर थांबले तेव्हाही तेच म्हणाले, आणि मला क्षणभर वाटलं, मी एवढी पळाले त्याचं काय? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, "लई ब्येस शिकवलंय."

इंजिनिअर काकांसमोर ते सर्वांत जास्त वेळ थांबले. इंजिनिअर काकांनी विचारलं, "पण त्यातला पुढचा कुठला, ते समजून घेतलंत का?"

"नाही," काका म्हणाले. "ते मी तिला मुद्दाम विचारलं नाही."

काकूंनी रस्त्यावरची मेथी गोळा करून आणली होती. ती झटकत त्या म्हणाल्या, "ही काही निवडायच्या लायकीची राहिली नाही. आता थांबता येतंय, तर जा आणि खरंच भाजी घेऊन या."

काकांनी सायकल फाटकाकडे वळवली. नात आडवी आली. तिनं स्वतःचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवून बघितलं. ते तिथं टोपीसारखं वर राहिलं. "रोडवर चालवायचं नाही," ती म्हणाली. "ट्रॅफिक असतं. ते नेक्स्ट लेसनला. आज हातात धरून न्यायची."

मग ते दोघं फाटकातून बाहेर पडले. काका सायकल हातात धरून, नात दुसऱ्या बाजूनं कॅरिअरला धरून. मी फाटक लावत होते तेव्हा काका तिला विचारत होते, नेक्स्ट लेसन उद्याच ठेवला तर चालेल का.