कड्या नसलेलं घर

भोपाळमधल्या इंद्रपुरीतल्या आमच्या घरात प्रत्येक दारावर चार-चार बारीक भोकं होती... कड्या उपटून काढल्याची. आईने त्यांत ओल्या साबणाचे तुकडे दाबून बसवले होते, त्यामुळे दमट दिवसांत दारं फुगली की घरभर साबणाचा मंद वास रेंगाळत राही. कड्या बाबांनीच काढल्या होत्या. न्हाणीघरालासुद्धा कडी नव्हती. आत कुणी आहे हे कळावं म्हणून मोठ्याने पाढे म्हणत अंघोळ करायची, हा घरचा नियम. सतराच्या पाढ्यात मी अडखळून गप्प झाले की बाहेरून बाबांचा कापरा आवाज यायचा, "आहेस ना गं?" त्या आवाजानेच मला धडकी भरायची, आणि सतराचा पाढा जन्माचा कच्चा राहिला.

बाबा नौदलात होते, लढाईत होते, एवढंच मला ठाऊक. तिथून निवृत्त होऊन ते भोपाळच्या कारखान्यात लागले होते, आणि नोव्हेंबर आला की शहरातल्या जुन्या नौसैनिकांचे, त्यांच्या विधवांचे हयातीचे दाखले भरून देत. पेन्शन चालू राहायची तर माणूस जिवंत आहे हे सरकारला दरवर्षी कागदावर सांगावं लागतं ना! शेवंताकाकू आल्या की मात्र बाबांचं रेखीव अक्षर वेडंवाकडं व्हायचं. काकूंचे यजमान बाबांच्याच जहाजावर होते. ते परतले नव्हते.

मी आठ वर्षांची असेन. अशाच एका नोव्हेंबरातल्या रविवारी दुपारी काकू बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, आणि मी लपाछपी खेळताना तिथल्याच कोपऱ्यातल्या, बाबांच्या काळ्या लोखंडी पेटीत कुणाच्या नकळत शिरले. थंडी पडली होती, गोधड्या बाहेर निघाल्या होत्या, पेटी रिकामी. झाकण धाडकन पडलं आणि बाहेरची कडी आपसूक कोयंड्यात अडकली. घरात उरलेली ती एकुलती एक कडी. तिच्याकडे बाबांचं लक्षच गेलं नव्हतं. आत डांबरगोळ्यांचा घशात उतरणारा वास, गंजाचा वास, आणि मिट्ट काळोख... गल्लीतल्या पोरांच्या हाका, "कहाँ छुप गई रे?", दूर दूर जात होत्या. ओरडावं तर तोंडून शब्द फुटेना. मी मुठींनी पत्रा बडवू लागले.

सही कुठे करायची ते बाबा काकूंना सांगत होते. त्यांचा आवाज थांबला. पण खुर्ची हलली नाही. मी बडवत राहिले, आणि चार पावलांवर असलेले माझे बाबा येत नव्हते... तेवढी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

मग बाबांचा आवाज ऐकू आला, पण तो बाबांचा वाटेना. "पाणी वर चढत होतं, वहिनी. दार लावायचा हुकूम होता. आतून ते असंच बडवत होते."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "दार तुम्ही लावलंत, हे पहिल्याच वर्षी कानावर आलं होतं."

मध्ये नुसता माझ्या मुठींचा आवाज.

"उठा आता, भाऊजी. आत तुमची पोर आहे."

"माझ्याने नाही होणार. तुम्ही उघडा."

"मी नाही उघडायची. हे तुम्हीच उघडायचं."

झाकण उघडलं. डोळ्यांत ऊन घुसलं, आणि त्या उन्हात बाबांचा चेहरा — माझ्याहून घाबरलेला. ते माझं कपाळ, खांदे, हात चाचपत राहिले, कितीतरी वेळ. काकूंनी मला पाणी पाजलं, आणि मग कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "चला, दाखला राहिलाय." संध्याकाळी बाबांनी ती कडीही उपटून टाकली.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. काकूंचा नोव्हेंबर माझ्याकडे आला आहे. काकू ऐंशीच्या पुढे गेल्यात, अयोध्या नगरात एकट्याच राहतात; बोटांच्या रेषा झिजल्यामुळे अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, म्हणून अजूनही कागदच भरावा लागतो. मी गेले की त्या आधी अंघोळीला जातात — कडी न लावता, पाढे म्हणत. हा नियम मीच त्यांना लावला आहे. मी दाराबाहेर कागद घेऊन बसते. मध्येच आवाज थांबतो, आणि मी उठून दाराशी जाते.

"काकू, आहात ना?"

आधी तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज.

"आहे गं. लिही, हयात आहे."