मुशेलबाख आणि नांदरवाडी

सुभेदार मानसिंगराव ‘आमच्या गावात’ म्हणाले की पारावरची माणसं हल्ली आधी विचारून घेत, “कुठल्या गावात? हितल्या का तिथल्या?” हितलं म्हणजे कोरेगाव तालुक्यातलं पिंपळसई, जिथं सुभेदारांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. तिथलं म्हणजे जर्मनीतलं मुशेलबाख, जिथं सुभेदार जेमतेम तीन महिने राहून आले होते. आणि बहुतेक वेळा उत्तर ‘तिथल्या’ असंच यायचं.

त्यांच्या बायकोला, लीलाबाईला, या मुशेलबाखनं अगदी वीट आणला होता. सकाळी चहा पुढं ठेवला की मुशेलबाख. भाकरी थापायला बसलं की मुशेलबाख. उसाला पाणी धरायला गेले तरी हातात खोरं धरून बांधावर उभे राहायचे आणि शेजारच्या गुंडाला तिथला ओढा कुठल्या टेकडीत उगवतो आणि कुठल्या नदीला मिळतो ते सांगत बसायचे. इकडं पाणी सरी फोडून गुंडाच्याच रानात शिरायचं. “आवं, त्या वड्याचं ऱ्हाऊ द्या, आपलं पाणी बघा की!” असं बांधावरून ओरडून ओरडून लीलाबाईचा घसा बसला होता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण वर्ष होत आलं तरी हे नवं काही जुनं होईना.

तशा त्याही मुशेलबाखला गेल्या होत्या. मुलगा ऋषिराज तिकडच्या यंत्रांच्या कारखान्यात आणि सून क्रांती दवाखान्यात नोकरीला. शहरात मनासारखं घर मिळेना म्हणून दोघं या खेड्यात येऊन राहिलेली. क्रांतीचं बाळंतपण आलं तेव्हा आईबापांना बोलावणं आलं. नवराबायको एकाच विमानानं गेले, एकाच घरात उतरले, पण सुभेदार सकाळी कानटोपी घालून बाहेर पडायचे ते जेवायलाच परत. लीलाबाई बाळंतिणीचा शेक, बाळाची अंघोळ, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांत बुडालेल्या. त्यांना मुशेलबाख दिसलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीएवढं. काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, उतरत जाणारा एक रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला चर्चचा मनोरा. दुकान नाही, हॉटेल नाही. पावाची गाडी हॉर्न वाजवत यायची तेव्हा कुठं चार माणसं दिसायची, आणि तीही पाव घेऊन गप आपापल्या घरात.

पण सुभेदारांना तिथं मैत्रीण भेटली. शेजारची हानेलोरे, ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली. सुभेदार तिला हनाबाई म्हणायचे. तिच्या डोक्यात अख्खं गाव भरलेलं. ती बोलायची, ऋषिराज सुट्टीच्या दिवशी अर्थ सांगायचा, बाकीच्या दिवशी खाणाखुणा आणि फोनवरचं भाषांतर. चारशे वर्षांमागं तिकडं तीस वर्षं लढाई चालली आणि मुशेलबाख जळून बोटावर मोजण्याएवढी घरं उरली. पुढं फ्रेंच आले, त्यांच्या घोड्यांनी गावाचा चारा खाल्ला. मग बटाट्यावर रोग पडून उपासमार झाली तेव्हा निम्मं गाव बोटीत बसून ब्राझीलला गेलं ते परत आलंच नाही. पहिल्या महायुद्धात चर्चची घंटा उतरवून तोफा ओतायला नेली. पाटीच्या दगडाची खाण होती, ती बंद पडली. शाळा होती, तीही गेली. गावाची मिळून एक भट्टी होती, तिथं कुठल्या घरानं आधी पाव भाजायचा याच्या चिठ्ठ्या निघायच्या, आणि त्यावरून भांडणं व्हायची.

हे सगळं सुभेदारांना तोंडपाठ. गाव दोन टेकड्यांच्या बेचक्यात, उत्तरेला रान, दक्षिणेच्या उतारावर शेती, मधून ओढा. “आन् घरात शिरताना उंबऱ्यात बूट काढत्यात बरं का, आपल्यावानीच,” हे वाक्य तर इतक्या वेळा झालं होतं की गुंडाची नातवंडंसुद्धा ते पुढं पूर्ण करायची.

लीलाबाईचं डोकं खरं भणभणलं ते मात्र तिकडंच, एका दुपारी. हनाबाई आलुबुखाराचा केक घेऊन बाळ बघायला आली. केक खाऊन झाला, बाळाचं कौतुक झालं. मग ती लीलाबाईकडं वळली आणि क्रांतीकरवी विचारलं, तुझं गाव कसं आहे? नदी आहे का? डोंगर आहे का?

लीलाबाईनं पदराला हात पुसले. हा प्रश्न त्यांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. त्या सांगायला तोंड उघडतात तोवर सोफ्यावरून सुभेदार म्हणाले, “हिचं गाव म्हंजी आमचं पिंपळसई की!” आणि सुरू झाले. पिंपळसईचा भैरोबा, पिंपळसईचा ऊस, पिंपळसईचे किती जण पलटणीत गेले. क्रांती सांगत होती, हनाबाई लीलाबाईकडं बघून मान डोलवत होती, आणि लीलाबाई केकच्या रिकाम्या बशा उचलत होत्या. असा राग आला होता त्यांना की एक बशी नळाखाली आपटलीच.

सुभेदारांनी हे काही मनानं काढलेलं नव्हतं. लेक नांदायला गेली की सासर तेच तिचं गाव, अशीच आपल्या मुलखाची समजूत. माहेर म्हणजे चार दिवस विसावा घ्यायची जागा. पण लीलाबाईला तीही जागा नव्हती. त्यांचं नांदरवाडी वाईच्या वरच्या अंगाला धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा त्या परकर-पोलक्यात होत्या. सरकारी ट्रकमध्ये घराची कवाडं, जातं आणि शेळ्या भरून माणसं खाली कालव्यावरच्या माळावर आणून सोडली. लग्न तिथं झालं, पत्र्याच्या वसाहतीत. जावयाचे पाय धुतले तेही पत्र्याच्या दारात. पुढं नवरा वीस वर्षं पलटणीत. रान, सासू, ऋषिराजची शाळा सगळं एकटीनं ओढलं, त्याबद्दल एका शब्दानं कुणाकडं तक्रार केली नाही. आणि आता कुठल्या परमुलखातला ओढा ह्यांना नावानिशी ठाऊक!

मे महिन्यात वाईच्या वरल्या वस्तीतून चंद्राबाईचा फोन आला. चंद्राबाई म्हणजे लीलाबाईची लहानपणची जोडीदारीण, तिचं घर पाण्याच्या वर राहिलं म्हणून ती तिथंच टिकलेली.

“लीले, यंदा पाणी लय खाली गेलंय. जानाईचा चौथरा उघडा पडलाय. तुमच्या घराची जोती दिसत्यात. सगळ्या माहेरवाशिणी शुक्रवारी वटी भरायला यायच्यात. तू यी, आन् दाजींस्नी घिऊन यी.”

पाणी आटलं की बुडालेल्या गावच्या लेकी चिखल तुडवत जातात, देवीच्या उघड्या चौथऱ्यावर खण-नारळ ठेवतात, आपापल्या घराच्या जोत्यावर घटकाभर बसतात आणि परततात. इतक्या खाली पाणी क्वचितच जातं. मागच्या वेळी सुभेदार काश्मिरात होते, त्याच्या मागच्या वेळी सासू अंथरुणाला खिळलेली. एसटीनं लीलाबाई एकट्याही गेल्या असत्या, पण त्यांना एकटीनं जायचंच नव्हतं. आपलं गाव आपल्या माणसानं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. पुढच्या खेपेची खात्री कुणी द्यायची?

“शुक्रवारी?” सुभेदार म्हणाले. “आगं, शुक्रवारी माझं व्याख्यान न्हाई का! रविवारी जाऊ.”

व्याख्यान कसलं, तर सरपंच वीरधवलनं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ठेवलेलं, ‘जर्मनीतील एक आदर्श खेडे’. फोटो पडद्यावर दाखवायचे होते.

“रविवारपत्तुर पाणी ऱ्हाईल का? वळवाचं वारं सुटलंय.”

“देवी कुठं पळून जातीया व्हय?”

“देवी न्हाई पळत, आवं, पाणी येतंय!”

पण पालथ्या घड्यावर पाणी. सुभेदारांनी चष्मा लावून चर्चचे फोटो निवडायला घेतले. बुधवारपासून महाबळेश्वरच्या अंगाला आभाळ काळं दिसू लागलं. यंदा मे महिन्यातच पाऊस ठाण मांडणार अशी चिन्हं होती. लीलाबाई दारात उभ्या राहून पश्चिमेकडं बघायच्या आणि आत येऊन भांडी आपटायच्या. ऐकणाऱ्याला कळलं असतं, पण ऐकणारा मुशेलबाखला गेलेला.

शुक्रवारी हॉल भरला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. सुभेदारांनी तीस वर्षांची लढाई लढवली, ब्राझीलची बोट सोडली, चर्चची घंटा उतरवली. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, “तिथली म्हातारी डोळं झाकून सांगती, कुठलं घर कुणाचं आन् कोण कुठं गेलं. याला म्हंत्यात गाव! आन् आपल्याला आपल्या गावाचं काय ठावं हाय?”

टाळ्या पडल्या. मागून भाऊसो, सुभेदारांचा पलटणीतला दोस्त, ओरडला, “आरं मानसिंगा, वैनीबी हुत्या की तिकडं. त्यास्नीबी बोलू द्या!”

लोक हसले. लीलाबाई उठतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण त्या उठल्या.

“मला त्या गावाचं काय ठावं न्हाई. मी सैपाकघरात हुते. मला ह्यास्नी एकच इचारायचंय. माझं गाव कंचं?”

“पिंपळसई!” चारपाच जण एकदम म्हणाले.

“त्याच्या आधीचं.”

“वसाहत,” सुभेदार म्हणाले. “कालव्यावरची.”

“त्याच्याबी आधीचं.”

“नांदरवाडी.” सुभेदारांचा आवाज जरा उतरला.

“तिथल्या वड्याचं नाव काय? देवी कंची? आमचं घर कुठल्या अंगाला हुतं?” सुभेदारांनी चष्मा काढून हातात घेतला. “आन् एवढं तरी सांगा, तुमच्या उसाला पाणी येतंय ते कुणाच्या घरावरनं येतंय?”

पडद्यावर मुशेलबाखची काळी छपरं तशीच दिसत होती. लीलाबाई खाली बसल्या नाहीत, चपला घालून सरळ घरी गेल्या. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

घरी आल्यावर सुभेदार जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, “सकाळीच निघू.”

साताऱ्याच्या पुढं पाऊस लागला तो वाईपर्यंत. वाटेत सुभेदारांनी एकदाही मुशेलबाख काढलं नाही, तेच लीलाबाईला चमत्कारिक वाटत होतं. वस्तीवर चंद्राबाई गोणपाटाची खोळ घेऊन उभीच होती. ती पुढं झाली. उतारावरून खाली आले तर समोर गढूळ पाणी.

“काल आली असतीस तर,” चंद्राबाई म्हणाली. “कालच चौथऱ्याला टेकलं हुतं. रातीत चढलं.”

लीलाबाईच्या हातात ओटीची पिशवी होती. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड. त्या नुसत्या बघत राहिल्या. रडू येईल असं वाटलं होतं, आला तो संताप. चर्चच्या घंटेवर, पडद्यावर, वळवावर, आणि शेजारी छत्री धरून उभ्या असलेल्या या माणसावर.

“घर कुठं हुतं?” सुभेदारांनी विचारलं.

“आता इचारताय?”

“आता इचारतोय. कुठं हुतं?”

“त्यो सुळका हाय न्हवं पल्याडच्या डोंगराला? आमच्या दारातनं बरूबर समूर दिसायचा. आन् पाठीला ही टेंभी.” लीलाबाईनं हात केला. “मधी जानाईचा वडा. म्होरं दोन आंबं, मग आमचं दार.”

सुभेदारांनी सुळक्याकडं बघितलं, मागं टेंभीच्या टेकाडाकडं बघितलं. छत्री मिटून चंद्राबाईच्या हातात दिली, लीलाबाईच्या हातातली पिशवी घेतली आणि पाण्यात उतरले.

“आवं! काय करताय?”

पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. पलटणीतला माणूस, पाय चाचपत बेतानं जात होता.

“इथं का?”

“न्हाई! डावीकडं!”

ते डावीकडं सरकले.

“आवं माझ्या डावीकडं! तुमचं तोंड हिकडं हाय, तुमची उजवी! वीस वर्सं पलटणीत काय केलंसा?” लीलाबाई काठावरून हात हलवत ओरडत होत्या. आवाज चिरकला होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते त्यांना पुसायचंही सुचत नव्हतं. “आता मागं. आजून. आता सुळका बघा… हां. थांबा!”

सुभेदार मांडीभर पाण्यात थांबले. पायाखाली काहीतरी चाचपलं. “दगूड लागतोय. सपय हाय. लांब हाय.”

“त्योच,” लीलाबाई म्हणाल्या. “त्यो आमचा उंबरा.”

सुभेदार पिशवी छातीशी धरून तसेच उभे राहिले.

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला.

“आवं, आसं काय उभं ऱ्हायलाय! पयल्यांदा आलाय माझ्या दारात,” त्या ओरडल्या, “पायताण तरी काढा!”

सुभेदारांनी खाली वाकून, पाण्यात हात घालून, एकेक बूट काढला.