धरलीस का?

बाळांनो, वादळात आंबा घरावर पडणार नाही ना, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते. आज माणसं येऊन फांद्या छाटून गेली. यंत्राने काम पटकन झालं. अंगणात चिकाचा वास तेवढा राहिला, आणि नव्वदच्या सुमाराचा एक वैशाख आठवला.

तेव्हा हे काम तुमचे आजोबा आणि मी करत असू. त्या वर्षी एक जाड फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर झुकली होती. पावसाळी वाऱ्यात ती मोडती, तर छप्पर गेलं असतं. आजोबांनी तिला दोर बांधला, तो वरच्या फांदीवरून खाली सोडला आणि खोडाला वेढा घालून टोक माझ्या हातात देऊन ते पुन्हा झाडावर चढले. करवत लावण्याआधी ते दर वेळी विचारत, "धरलीस का?" मी "धरली" म्हटल्यावरच करवत चाले.

कुंपणापाशी पाटी उतरवून आमची नेहमीची कोळीण हसली. "सारखा काय इचारता, भाऊ? इतकी वर्सा तुमाला धरून ठेवलंय तिनं, आता सोडते काय!"

आजोबा वर इतके हसले की मला भीतीच वाटली. मग फांदी कडाडली, आणि मी दोर हळूहळू सैल सोडत ती अंगणात उतरवली. एकही कौल हललं नाही.

आज मी त्याच जागी उभी होते. कोणी काही विचारलं नाही. तरी मी "धरली" म्हणाले. यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

काळजी करू नका, झाड भक्कम आहे. वरच्या फांदीवर आमच्या दोराचा वण अजून आहे.